ब्रिटल

चाकणहून एकेचाळीस ब्रॅकेट परत आले,
पोत्यात, टेम्पोच्या हौद्यात आदळत,
आणि सोबत एक कागद.
कारणाच्या रकान्यात एकच शब्द:
ब्रिटल.

उद्यमनगरातल्या आमच्या फौंड्रीत
इंग्रजी वाचायचं काम माझं.
बी.ए. झालेली मी एकटी,
बाकी सगळे कामाचे.

हिंदुराव मिस्त्री हात पुसत आले.
"काय म्हणत्यात गं, भाग्यरेखा?"
मी शब्दकोशात बघून सांगितलं: ठिसूळ.

मिस्त्री माझ्याकडं असे बघत राहिले
जणू मीच त्यांचा माल परत पाठवला होता.
"ठिसूळ म्हंजे खारी. ठिसूळ म्हंजे पापड.
म्हाताऱ्याचं हाड.
हे बीड हाय, पोरी."
आणि परत आलेल्यातला एक उचलून
त्यावर हातोडीचा हलका टोला दिला.
घण्ण.
"ठिसूळ असं वाजतंय व्हय?"

खोटं नव्हतं ते. देवळातल्यासारखं वाजलं.

मी पुढं वाचलं.
ब्रिटल म्हणजे कच्चं नव्हे, मऊ नव्हे.
कठीणच असतं ते.
पण ताण आला की वाकून दाखवत नाही,
कुरकुरत नाही, आधी सांगत नाही,
एकदम दोन होतं.

मिस्त्री भट्टीमागच्या भिंतीकडं वळले.
गेल्या दसऱ्याला त्यांनीच पेंटर बोलावून
लाल ऑइलपेंटमध्ये लिहून घेतलं होतं,
शेजारी दंड थोपटणारा पैलवान काढून:
मोडेन पण वाकणार नाही.
"आयला," मिस्त्री म्हणाले, "हे त्येच की."

त्यानंतर बराच वेळ फक्त ब्लोअर बोलत होता.

जेवणाच्या सुट्टीत मी उदाहरणं वाचली.
इंग्रजीत केस ब्रिटल असतात, तह असतो,
आवाज असतो, हसूही.
ती ठिसूळ हसली
असं मराठीत कुणी लिहीत नाही.
पण जानेवारीत, राजारामपुरीत, आठव्या गल्लीच्या तोंडाला
त्यांच्या आईच गाठ पडल्या,
साखरपुडा मोडल्याचा निरोप ज्यांनी फोनवर दिला होता.
कशी आहेस, म्हणाल्या.
आणि मी हसलो.
(आमच्याकडं बायकाही हसलो म्हणतात.
पुण्यात हसतात त्याला.)

चांगला, चांगली, चांगलं:
बरीच विशेषणं समोरच्याप्रमाणं वळतात.
ठिसूळ वळत नाही.
ठिसूळ बाप्या, ठिसूळ बाई, ठिसूळ लोखंड.
व्याकरणातसुद्धा हट्टी.

अजून एक अर्थ होता, अगदी तळाला:
गुळाच्या पाकातली शेंगदाण्याची चिक्की.
तो मी मिस्त्रींना मोठ्यानं वाचून दाखवला.
"मग एवढा काय वाईट शब्द न्हाई," म्हणाले,
पण हसले नाहीत.

मिस्त्रींचा धाकटा भाऊ मंगळवार पेठेतच राहतो,
चार दारं सोडून.
बोअरच्या पाण्यावरनं बोलणं तुटलं, त्याला अकरा वर्षं झाली.
गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला
एक साडेपाचला येतो, एक साडेसहाला.
गवळ्याला दोघांच्या वेळा पाठ आहेत.
हे मला मिस्त्रींनी कधी सांगितलं नाही.
फौंड्रीत सगळं कळतं.

कागदाच्या मागच्या बाजूला उपाय होता.
साचा फार लवकर फोडता तुम्ही.
गरम बीड अचानक वाऱ्यावर येतं, कडक होतं, तिथंच बिघडतं.
वाळूत राहू द्या. सावकाश निवू द्या.
एवढंच. दंड नाही, शिवी नाही.

त्या रात्री नवीन माल ओतला
आणि कुणी फोडला नाही.
साडेआठला पर्स घेऊन मी निघाले
तर मिस्त्री साच्यांशेजारी पालथ्या बादलीवर बसलेले,
मोबाइल मांडीवर,
स्क्रीनवर कुणाचं तरी नाव उजळलेलं.
वाचलं नाही मी. वाचायचं काम माझं, पण ते नव्हे.

"मिस्त्री, येतो मी."
त्यांनी मान वर केली नाही.
"अजून गरम हाय," म्हणाले,
"हात लावू नगंस."